तुले काय येते?

तायडेकाका पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नाहीत. गाव, नोकरी, पोरंबाळं यांतलंही काही विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, समोरच्याचे हात निरखून बघतात, आणि मग अगदी गंभीरपणे विचारतात, “तुले काय येते?”

मला हा प्रश्न विचारला गेला तो चैत्रातल्या एका भर दुपारी. बँकेनं माझी बदली अमरावतीहून अकोल्याला केली होती. नवरा आणि सासूबाई अमरावतीतच राहिल्या, आणि मी अकोल्यात काकांच्या शेजारच्या घरात, वरच्या मजल्यावर, एक कूलर घेऊन राहायला आले. कूलर आवाज भरपूर करत होता, हवा मात्र स्वतःसाठीच राखून ठेवत होता. म्हणून मी शेजारच्या फाटकाशी उभी राहून विचारलं, “काका, इथे जवळपास कूलरवाला कुठे मिळेल?”

“तुले काय येते?” काका म्हणाले.

“मी बँकेत आहे.”

“थे नोकरी झाली. येते काय?”

माझं एम.कॉम. झालंय. तीन भाषा बोलता येतात. पण त्या उन्हात, त्या फाटकाशी, मला खरंच काही आठवेना. शेवटी मी म्हटलं, “पोहे चांगले करते.”

“पोहे,” काका म्हणाले. डॉक्टर ताप किती आहे ते ऐकतो तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. “बरं. सुरुवात हाये.”

मग ते माझ्याबरोबर वर आले आणि कूलरपासून दोन हात लांब, हात मागे बांधून उभे राहिले. “मी हात नाई लावनार. कूलर तुहा, हात तुहे. आधी वायर काढ. आता मागची जाळी खोल. हां. भेतं काहून? चावनार नाई थो.”

दोन तास लागले. जुनं गवत काढलं तेव्हा त्यातून आधीच्या भाडेकरूच्या संसाराची धूळ निघाली, एक कानातलं निघालं आणि एक मेलेली पाल निघाली. नवं गवत भरलं, पंपाची जाळी घासली, पाणी सोडलं. आणि पहिला गार, ओल्या गवताच्या वासाचा झोत तोंडावर आला तेव्हा मला जे वाटलं ते बँकेत बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या दुपारी मी जमिनीवर चटई टाकून अशी झोपले, की जाग आली तेव्हा आपण कुठल्या गावात आहोत, कितव्या वर्गात आहोत, आई आत काय करते आहे, असे प्रश्न काही वेळ डोक्यात तरंगत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला “पोहेवाली” म्हणणं बंद केलं. मी “कूलरवाली” झाले.

माणसांची नावं ते अशीच ठेवतात. कुरिअर आणणाऱ्याला एक गाठ छान मारता येते म्हणून तो “गाठवाला.” कोपऱ्यावरचे वकीलसाहेब, ज्यांना जिल्हा ओळखतो, ते काकांच्या लेखी अजून “कोरेच” आहेत. वकीलसाहेबांना काका लांबून दिसले तरी ते गल्ली बदलतात.

काकांचं वय त्र्याहत्तर. अंगाने काडी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बाकीची माणसं जिथे पेन लावतात त्या खिशात पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळलेला काळा-पांढरा दोरा आणि त्यात खोचलेली सुई. बस स्टँडवर कुणाच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं की काका पुठ्ठा पुढे करतात. बटण स्वतः लावून देत नाहीत. बडनेऱ्याला जाणारा एक तरुण त्यांच्यापायी गाडी चुकला, पण बटण लावायला शिकला. “दुसरी गाडी अर्ध्या तासानं होती,” काका सांगतात. “बटन जलमभर पुरन.”

लग्नात त्यांचा आहेर ठरलेला. नवरीला पक्कड आणि टेस्टर, नवऱ्याला पोळपाट-लाटणं. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या आईने स्टेजवरच लाटणं परत केलं. काकांनी ते शांतपणे घेतलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, “हरकत नाई. मागायले येईन तवा देईन.” सात-आठ महिन्यांनी सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली आणि नवरदेव खरोखरच संध्याकाळी मान खाली घालून काकांच्या फाटकाशी आला. काकांनी त्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त पीठ मळायला लावलं.

अंबाडीचा प्रकार मात्र गल्ली अजून विसरलेली नाही. काका दोर वळतात, आणि दोरासाठी अंबाडीची ताटं पाण्यात कुजवावी लागतात. पूर्वी ती नाल्यात भिजत घालत. काकांनी ती घरामागच्या प्लास्टिकच्या टाकीत भिजत घातली. आठव्या दिवशी असा वास सुटला की लोकांना गटार फुटल्याची खात्री झाली. कुणीतरी तक्रार केली, गटार तपासायला दोन माणसं आली, वासाच्या मागावर काकांच्या परसात पोचली, आणि तासाभराने मी गॅलरीतून पाहिलं तर दोघंही उकिडवे बसून ताटांची साल सोलत होते. त्यातला एक सांगत होता की त्याची आजीही अशीच सोलायची. काका त्याला म्हणत होते, “मंग येत हाये की तुले! हात ओळखीचा दिसून राह्यला.”

मलाही त्यांनी सोडलं नाही. उन्हाळ्यात गव्हाचं पीठ काडीवर गुंडाळून सरगुंडे करायला लावलं, गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजायला लावले. मिक्सर, नळ, गोधडीचा टाका, शेवटी दोराचा पीळ, असं करत करत माझी वर्षं अकोल्यात जाऊ लागली. दर शनिवारी मी गाडीने अमरावतीला जायची. तिथे आमच्या मोरीतला नळ दोन वर्षं ठिबकत होता. एका रविवारी मी वायसर बदललं. नवरा बॅटरी धरून उभा होता. सासूबाई दारातून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अकोल्याले तू बँकेतच जातेस ना बाई?”

यातलं जे जुनं ते सगळं काकांना त्यांच्या आजीने शिकवलं, असं ते सांगायचे. भागाआजी. पातूरजवळच्या एका खेड्यातली. तिच्या काळात यांच्या वस्तीची कामं गावातलं कुणी करत नसे. केस कापायला कुणी येत नसे, खाट विणून देत नसे, पडलेली भिंत लिंपायला हात लावत नसे. म्हणून भागाआजीनं एकेक करत सगळंच शिकून घेतलं. “आपलं आपल्याले आलं पायजे, ह्येच तिचं म्हननं,” काका सांगायचे. “कोनाच्या दारात हात जोडून उभं राहाचं काम नाई.”

दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत बसावं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कूलरची एकसुरी घरघर. काका मांडीवर अंबाडीचे धागे घेऊन पीळ घालत बसलेले. डोळे अर्धे मिटलेले. हात चालू. “आजी अशी लिंबाखाली बसे... पाय लांब करून... अंगठ्याले दोर बांधे...” आवाज हळूहळू खाली जायचा. ऐकता ऐकता आपल्यालाही वाटू लागायचं की खिडकीबाहेरचा रस्ता नाहीच, तिथे उन्हात चमकणारं बारीकसं पाणी आहे, आणि पलीकडे कुणीतरी म्हातारी आपल्याकडे न बघता आपल्याशी बोलते आहे. कितीतरी वेळा मी त्या खोलीत बसल्या जागी पेंगले. काकांनी मला कधी उठवलं नाही.

त्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक बाजेची चौकट उभी असायची. चार पाय, चार लाकडं, मध्ये रिकामं. भागाआजीची एवढीच वस्तू उरलेली. काकांनी दोर वळून गल्लीभर वाटला, लोकांच्या खाटा लोकांकडूनच विणून घेतल्या, पण ही चौकट रिकामीच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तिची पाळी येईन.”

मागच्या मार्गशीर्षात काका स्टुलावरून पडले. डावं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, आता पुरे, एकट्याने राहायचं नाही. काकी जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलाला सुट्टी नव्हती म्हणून सामान बांधायला नात आली. मैत्री नाव तिचं, वय एकोणीस, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पोरगी हुशार, बोलायला मोकळी. दोन दिवसांत तिने भांडी, कपडे, औषधं सगळं खोक्यांत भरलं आणि खोक्यांवर नावं लिहिली. चौकटीपाशी आली तेव्हा म्हणाली, “हे राहू दे ना आजोबा. तिकडे बेड आहे.”

“हे बी नेनार,” काका म्हणाले. “पन रिकामं नाई नेनार. जायच्या आधी विनाचं हाये. मले एका हातानं होत नाई. तुले शिकवतो.”

“मला नाही शिकायचं,” मैत्री हसून म्हणाली. रागाने नाही. चहात साखर नको म्हणावं तितकंच साधं.

काका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. सकाळी ती दात घासत असताना सांगितलं, जेवत असताना सांगितलं. ती दर वेळी हसून नाही म्हणायची. मी मध्ये पडले, म्हटलं, काका, मी विणते. ते म्हणाले, “तू विनशीनच. पन तू पाव्हनी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले होते. मैत्री अंगणात खुर्चीवर बसून मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. काका आतून आले. अंगात बनियन, गळ्यात प्लास्टरची पट्टी, उजव्या हातात दोराचं भेंडोळं. सरळ तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मैत्री, जरासा दोर धर.”

फोनमधून कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, “हू इज दॅट?”

मैत्रीने फोन चटकन भिंतीकडे वळवला. “कोणी नाही,” ती म्हणाली. “घरात काम चालू आहे.”

मला वाटलं, आता काकांचा पारा चढणार. पण काका हलले नाहीत. मग हळूच वळले, भेंडोळं पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसले. चेहरा रागावलेला नव्हता. फार दिवसांनी एखादी हाक ऐकू यावी आणि ती आपल्यालाच आहे का, हे कळू नये, तसा होता.

मैत्रीने कॉल बंद केला. आपण काय बोललो ते तिला उशिरा कळलं असावं. “आजोबा, मी तसं म्हणाले नाही. सॉरी. ते पटकन...”

“बस,” काका म्हणाले. “रडू नको. तुयी काई चूक नाई. बस अथी.”

ती बसली. मी उभीच राहिले.

“मी अकोल्याले बोर्डिंगात होतो,” काका म्हणाले. “नववीत. आजीनंच धाडलं होतं. एक डाव दोस्ताइसंगं पातूरच्या बाजाराले गेलो. नवी फुलपँट होती अंगात. बाजारात आजी दोर घेऊन बसेल होती, इकाले. गिऱ्हाइकाले दोर लांब पायजे होता, तं जोड देऊन राह्यली होती. जोडाले दोन मानसं लागतात. एकानं पीळ द्याचा, एकानं टोक धराचं. मले पाह्यलं तिनं. अशी खूश झाली म्हनतो! म्हने, नाम्या, जरासा दोर धर रे.”

लिंबावर कावळा ओरडत होता. काकांनी हात उगारून त्याला हाकललं.

“दोस्तानं इचारलं, कोन व्हय थे? मी म्हनलं, कोनी नाई.”

मैत्रीने मान वर केली नाही.

“ऐकलं तिनं. काई बोलली नाई. टोक एका दगडाखाली दाबलं आन् एकटीनंच पीळ देल्ला. मी पाहत होतो दुरून. सुट्टीत घरी गेलो, तं भाकर वाढली, पाठीवरून हात फिरवला, सगळं केलं. पन दोर धर, असं पुन्हा म्हनली नाई कवा. मी जवळ गेलो तं म्हने, राहू दे, तुहे हात शाळंचे हायेत. मॅट्रिकच्या वर्साले गेली.”

“मग हे सगळं...” मी न राहवून विचारलं. “रोडगे, गोधडी, दोर... आजीनं शिकवलं ना?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. सरकारी कचेरीत ते छत्तीस वर्षं होते, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. तोवर हाताने पेनाशिवाय काही उचललं नव्हतं. घरातलं सगळं काकीच बघायच्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच येत नाही. मग ते निघाले. दोर पातूरच्या एका म्हाताऱ्याकडे शिकले, रोज बसने जाऊन. गोधडीचा टाका काकींकडून घेतला. रोडगे शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेतल्या राखणदाराकडून. सरगुंडे, गाठी, लिंपण, जिथे जे मिळेल तिथून, साठीच्या वयात, मास्तरांच्या शिव्या खाऊन.

“मग आजीनं शिकवलं असं का सांगता?”

काकांनी पायरीवरचं भेंडोळं मांडीवर घेतलं.

“शिकवलंच असतं ना तिनं,” ते म्हणाले. “मी टोक धरलं असतं तं.”

मैत्री उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण आतून काहीतरी फरफटण्याचा आवाज आला आणि मैत्री ती जड चौकट एकटीने ओढत अंगणात घेऊन आली. ओढणी कमरेला बांधली.

“मला अजूनही शिकायचं नाहीये,” ती नाक ओढत म्हणाली. “पण तुम्हाला एका हाताने जमणार नाही. काकू, पीळ कुठून सुरू करायचा ते सांगा.”

मी सांगितलं. भेंडोळ्यातला दोर पुरणारा नव्हता, जोड द्यावा लागणार होता. तिने धागे घेतले, उलटा पीळ घातला, सोडला, परत घातला. मी टोक धरायला वाकले तर काका म्हणाले, “तू सरक. टोक मी धरतो.”

त्यांनी उजव्या हाताच्या मुठीत दोराचं टोक घट्ट धरलं आणि अंगणाच्या त्या कडेला जाऊन उभे राहिले. या कडेला पोरगी पीळ घालते आहे, मध्ये वीस फूट दोर थरथरतो आहे, आणि त्या कडेला काका, चष्मा घसरलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि पुसायला दुसरा हात नाही. “घट पीळ दे,” ते ओरडत होते. “भेऊ नको. मी धरून हावो. सोडत नाई.”

बाज विणायला चार दिवस लागले. मैत्रीच्या हाताला फोड आले. मधली वीण एका बाजूला कलली आणि काकांनी ती दोनदा उसवायला लावली. तेवढ्यात आजोबा-नातीचं मनापासून भांडणही झालं. तिकिटं पुढे ढकलली गेली. मुलाशी फोनवर बोलणं झालं ते मैत्रीनेच केलं. काका पुण्याला जाणार, पण प्लास्टर निघेपर्यंत. नंतर अकोल्याला परत, आणि सुट्टीत ती येणार. आणि तसंच झालं. माघात ते परत आले.

पण मला सारखी आठवते ती निघायच्या आदल्या दिवशीची दुपार. पौषातलं मऊ ऊन होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात लिंबाच्या सावलीत बाज टाकली होती आणि तिच्यावर मैत्री आडवी झाली होती. दोर कसा बसलाय ते बघायला म्हणून आडवी झाली असणार, आणि तशीच झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलं झोपतात तशी. सगळी गल्ली गप्प होती. लांब कुठेतरी रेल्वेचा भोंगा वाजला, तोही झोपेतच वाजल्यासारखा.

सावली सरकली आणि ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं. काका घरातून बाहेर आले. त्यांनी बाज ओढायला हात घातला, पण ती जागी होईल असं वाटून काढून घेतला. मग ते तिच्या आणि उन्हाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. काडीसारखा माणूस, सावली ती केवढी पडणार. पण तिच्या डोळ्यांपुरती पडली. ऊन थोडं सरकलं की काका अर्धं पाऊल सरकायचे.

त्यांचे ओठ हलताना दिसले. मला काही सांगताहेत असं वाटून मी कठड्यावरून वाकले. पण ते वर बघत नव्हते. बाजेच्या पायथ्याशी, जिथे कुणी नव्हतं, तिकडे बघून ते अगदी हळू आवाजात सांगत होते,

“पाह्य वं आजी, पोट्टी झोपली.”